उतरवून काढलेल्या नोट्स

३१ ऑगस्ट १९९२ रोजी भालचंद्र खासनीस यांच्या हातात एकोणचाळीस हजार आठशे साठ रुपयांचा धनादेश पडला. कॅनॉट प्लेसमधल्या ज्या खाजगी कचेरीत त्यांनी बावीस वर्षं काढली, तिचा तो शेवटचा दिवस होता. कचेरीचं काम एकच होतं. कारखानदारांसाठी आयात परवान्यांचे अर्ज तयार करायचे, त्यांच्या सहा-सहा प्रती काढायच्या आणि सरकारी टेबलांवरून ते पुढे सरकवत न्यायचे. आदल्या वर्षी सरकारने बऱ्याचशा मालावरचे परवानेच उठवले. देशाला बरं वाटलं, कचेरीला टपाल येईनासं झालं. मालकांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग सगळ्यांना समोसे खिलवून धनादेश वाटले.

भालचंद्र तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. पुण्याहून बी.कॉम. होऊन १९७० साली दिल्लीत आलेले. कचेरीत त्यांच्याकडे प्रती ताडून पाहण्याचं काम असे. समोरच्याने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि यांनी हातातली प्रत अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा तपासायची. बावीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून गेलेला एकही अर्ज नकलेतल्या चुकीसाठी परत आला नव्हता. पण हे कसब आता विकायचं कुठे?

मयूर विहारच्या सोसायटीतल्या फ्लॅटचे हप्ते अजून सात वर्षं जायचे होते.  पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी अरुणाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "पोळ्या मी करते, बाकीचं तुम्ही बघा. माणसांनी जेवायचं थांबवावं असा कायदा काही सरकारने अजून केलेला नाही."

अशी करोल बागेत खानावळ सुरू झाली. एका गल्लीत मल्होत्रा नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घराच्या तळमजल्यावर मागच्या दोन खोल्या मिळाल्या. आसपासच्या घरांतून महाराष्ट्रातली मुलं राहत. परभणी, धुळे, सांगोला, कुठून कुठून आलेली. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करायची आणि अधिकारी व्हायचं, एवढा एकच उद्योग. छोले-भटुऱ्यांना विटलेल्या या मुलांना वरणभाताचा वास आला आणि सहा महिन्यांत पंगत तीसवर गेली. खासनीस नवरा-बायको पहाटेची बस धरून यमुना ओलांडत आणि संध्याकाळची जेवणं उरकून परतत. मुलं त्यांना काका-काकू म्हणू लागली.

खानावळ चालवता चालवता काकांना एका प्रश्नाने घेरलं. तीस मुलं सारखाच भात खातात, सारखीच पुस्तकं वाचतात, सारख्याच कोंदट खोल्यांत राहतात. वर्षाकाठी त्यांतला एखादा अधिकारी होतो, बाकीचे पुन्हा फॉर्म भरतात. तो एखादा कोण, हे आधी ओळखता येईल का? हुशारीवर म्हणावं, तर राज्यघटनेची कलमं झोपेत म्हणणारा मुलगा तीनदा आपटला होता. मेहनतीवर म्हणावं, तर नागपूरचा एक मुलगा दुपारी बिनधास्त घोरायचा आणि तो पास झाला होता.

काकांनी एक वही घातली. नवा मुलगा आला की महिनाभर त्याला निरखायचं आणि नावापुढे 'होईल' किंवा 'नाही' असं लिहायचं. सुरुवातीला त्यांचा कयास होता की सावकाश जेवणारा पास होतो. मग वाटलं, घरी नेमाने पत्र टाकणारा. मग काही दिवस, ताटात काही न टाकणारा. चार वर्षांनी त्यांनी ताळा केला. 'होईल' म्हटलेल्या एकोणीस जणांपैकी दोघे झाले होते आणि 'नाही' म्हटलेल्या बावीस जणांपैकी तिघे. वहीची गोष्ट फुटली तशी मुलं काकांच्या मागे लागली.

"काका, माझ्या नावापुढे 'नाही' लिहा ना, प्लीज!"

"आणि याच्यापुढे 'होईल' लिहा, यार. याने माझी सायकल पंक्चर केली."

काका हसत, पण मनातून त्यांना ते लागत असे. परवान्याचा अर्ज पाहून तो मंजूर होईल की नाही हे ते सांगू शकत. माणसाचं काही केल्या सांगता येत नव्हतं.

या सगळ्यात एकच वस्तू अशी होती जिच्याबद्दल त्यांची खात्री होती. ती म्हणजे सूर्यकांत नोट्स.

सूर्यकांत कदम नावाचा मुलगा १९९० साली अधिकारी झाला होता. तेव्हा खानावळ नव्हती, काकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. पण त्याच्या अर्थव्यवस्थेवरच्या नोट्स हातोहात फिरत १९९३ मध्ये खानावळीत पोहोचल्या. परीक्षेचा नाद सोडून गावी परतणाऱ्या एका मुलाने त्या काकांच्या स्वाधीन केल्या. एकशे बारा पानं, मोत्यासारखं अक्षर, शीर्षकं लाल शाईत. काकांमधला कचेरीतला माणूस जागा झाला. त्यांनी पानांवर आकडे घातले, जाड पुठ्ठा लावून दोऱ्याने शिवण घातली आणि त्या पोथीसारख्या लाल फडक्यात बांधून लोखंडी पेटीत ठेवल्या.

नियम त्यांनीच ठरवले. झेरॉक्स काढायची नाही, नाहीतर उद्या त्या अख्ख्या करोल बागेत विकायला येतील. खानावळीत बसून हाताने उतरवून काढायच्या. मुलांनाही हे पटलं. लिहिलं की डोक्यात जातं, असं प्रत्येकाला लहानपणापासून सांगितलेलं होतं. उतरवायला दीड महिना लागे. पूर्ण झाल्या की काका स्वतः प्रत ताडून बघत. मुलगा मूळ वही वाचे, काका त्याची नक्कल बघत आणि चुकलेल्या जागी तांबडी पेन्सिल फिरवत. शेवटच्या पानावर 'ताडली, बरोबर' असं लिहून सही करत. बावीस वर्षांचं कसब कामी आलं याचा त्यांना आनंद होता. शिवाय नोट्स सगळ्यांना मिळत नसत. ज्याचा तिसरा किंवा चौथा प्रयत्न असेल त्यालाच. ज्याची गरज जास्त, त्याचा हक्क आधी. नियम न्यायाचाच होता.

मल्होत्राजी दारातून डोकावून म्हणत, "खासनीसजी, आपके लड़के पढ़ते हैं या ग्रंथ लिखते हैं?"

"दोनों, मल्होत्राजी, दोनों," काका म्हणत.

१९९६ च्या पावसाळ्यात नोट्स खंडेराव ढगेच्या हाती आल्या. खंडेराव सेलूजवळच्या एका गावचा. आडव्या अंगाचा, मितभाषी, चालताना जमीन मोजल्यासारखा चालणारा. पूर्वपरीक्षा तो दरवेळी सहज काढी, मुख्य परीक्षेत दरवेळी अडकत असे. तीन वेळा अडकला होता. हा चौथा आणि शेवटचा प्रयत्न. वडील शाळेत शिपाई होते आणि पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांनी गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण घरावर नावाची पाटी लावायची अजून थांबवली होती. मुलगा साहेब झाला की त्याच्या नावाचीच लावू म्हणून. खंडेरावने हे काकूंना एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. काकूंना हसू आलं नव्हतं.

वहीत खंडेरावच्या नावापुढे काकांनी 'होईल' लिहिलं होतं. त्याला मात्र ते सांगितलं नाही.

त्याच सुमारास धुळ्याची अश्लेषा गवळी डबा न्यायला येई. मुलींच्या वसतिगृहात राहायची, पहिलाच प्रयत्न होता, आणि बोलताना मध्येच खो खो हसायची. तिने दोनदा नोट्स मागितल्या.

"काका, मी आठ दिवसांत उतरवते. माझा हात भराभर चालतो."

"तुझा पहिला प्रयत्न ना? तिसऱ्याला ये."

"म्हणजे आधी दोनदा नापास होऊ? अच्छा! चलो, करते तशी व्यवस्था."

ती हसत निघून गेली. काकांनी वहीत लिहिलं: नाही. फार हसते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खंडेरावची नक्कल पूर्ण झाली. दुपारची पंगत उठल्यावर दोघे ताडायला बसले. खंडेराव मोठ्याने मूळ वही वाचत होता, काकांची पेन्सिल नकलेवरून सरकत होती. स्वयंपाकघराच्या दारात अरुणाबाई संध्याकाळची कणीक मळत होत्या. चौसष्टावं पान आलं.

"आयात परवाना," खंडेराव वाचू लागला. "कारखानदारास यंत्रसामग्री व कच्चा माल परदेशातून आणावयाचा असल्यास त्यास प्रथम विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. अर्जाच्या सहा प्रती..."

"सहा प्रती," काका पुटपुटले. "स्वल्पविराम. पुढे."

"...सहा प्रती, देशांतर्गत असा माल उपलब्ध नसल्याचा दाखला..."

कणकेवरचे हात थांबले. "अहो," अरुणाबाई म्हणाल्या, "हे असं अजून आहे?"

"काय असं?"

"सहा प्रती नि दाखला. हे अजून चालू असेल तर तुमचं ऑफिस बंद कशानं पडलं?"

काकांची पेन्सिल स्वल्पविरामावर टेकलेली तशीच राहिली. या पानाच्या सात नकला त्यांनी आजवर ताडल्या होत्या. सातही बरोबर होत्या. जे नियम उठल्यामुळे त्यांची नोकरी गेली, त्यांचाच मजकूर त्यांनी सात वेळा मोठ्याने ऐकला होता आणि त्यात स्वल्पविरामाशिवाय काही पाहिलं नव्हतं.

खंडेराव मात्र डगमगला नाही. "काकू, परीक्षेत असंच लिहायचं असतंय. सूर्यकांत सरांनी हेच लिहिलं अन् ते कलेक्टर झाले. वाचू का पुढं?"

"आज राहू दे," काका म्हणाले. "डोळे दुखतायत."

लाल फडकं पिशवीत घालून काकांनी त्या संध्याकाळी नोट्स पहिल्यांदाच खानावळीबाहेर नेल्या. बसमध्ये जागा मिळाली होती. यमुनेवरचा आयटीओचा पूल येईपर्यंत ते वाचत होते. पहिल्यांदाच ताडत नव्हते, वाचत होते. परकीय चलनाचे नियम सहा वर्षांपूर्वीचे. बँकांचे दर सहा वर्षांपूर्वीचे. कोणते उद्योग फक्त सरकारने चालवायचे ती लांबलचक यादी, जिच्यातल्या कितीतरी धंद्यांच्या खाजगी जाहिराती बसच्या खिडकीतून दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांनी एकशे बारापैकी चाळीस पानांवर खूण केली होती. बाकीची बहात्तर चांगली होती, उत्तम होती. पण मूर्तीचा पाय भंगलेला असला तर बाकीची मूर्ती चांगली आहे म्हणून कुणी ती पूजत नाही.

"सांगू का त्याला?" त्यांनी अरुणाबाईंना विचारलं. "परीक्षा सात आठवड्यांवर आलीय. त्याचा सगळा धीर त्या वहीवर आहे. सांगितलं तर पोरगं खचेल. नाही सांगितलं तर जे येतंय ते तरी धडपणे लिहील."

"मागच्या आठवड्यात गोभीत अळ्या निघाल्या तेव्हा तुम्ही अख्खं पातेलं ओतून दिलंत," त्या म्हणाल्या. "पोरं भुकेली आहेत, आता काय करायचं, असं तेव्हा नाही विचारलंत."

काकांनी दुपारी सांगितलं. खुणा केलेली पानं समोर ठेवून, एकेक करून, कचेरीत साहेबांना दाखवावं तसं. खंडेराव ऐकत होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"दीड महिना," तो म्हणाला. "दीड महिना मी हे उतरवलं. रोज तीन तास. तुमच्या समोर बसून. आणि तुम्ही काय बघत होता, काका?"

"नक्कल बरोबर आहे का ते."

"बरोबर होती?"

"तंतोतंत."

"मग झालं तर!" खंडेराव उठला. "तुम्हाला परीक्षेतलं काय कळतंय? तुम्ही कधी बसलाय का? सूर्यकांत सर खोटे अन् तुम्ही खरे? खानावळ चालवा की गुपचूप."

खोलीत बसलेली दोन-तीन मुलं ताटाकडे बघू लागली. खंडेराव नक्कल काखोटीला मारून निघून गेला. तो दुसऱ्या दिवशी जेवायला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

काकांनी या दोन दिवसांत एक गोष्ट केली. डबा न्यायला आलेल्या अश्लेषाला विचारलं, "तू अर्थव्यवस्था कशातून वाचतेस?"

"तुम्ही नोट्स दिल्या नाहीत म्हणून रडत रडत सरकारी प्रकाशनांच्या दुकानात गेले," ती म्हणाली. "तिथे सरकारची या वर्षीची आर्थिक पाहणी मिळाली. स्वस्तात. त्यातून आणि पेपरातून काढते थोडं थोडं. का? आता देणार आहात का नोट्स? मी नापास व्हायची वाट तरी बघा."

काकांनी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पाच मिनिटं हसली नाही.

"ढगे दादा कुठे राहतात?"

"शेजारच्या घरात, तिसरा मजला. पण तो माझ्याशी बोलत नाही."

"तुमच्याशी ना? मग डबा मी नेते. तुम्ही मागे या, जिन्यात थांबा."

काका जिन्यात थांबले. वरून आवाज ऐकू येत होते.

"मला कुणाची दया नको," खंडेराव म्हणाला.

"दया कसली, दादा? धंदा आहे. माझी पाहणी तुम्ही घ्या. तुमचं शेतीचं प्रकरण मला शिकवा. मला रब्बी आणि खरीप यांच्यातला फरक पाठ करावा लागतो, यार. तुम्ही जन्मापासून बघताय."

वर डब्याची कडी वाजली. मग खंडेरावचा आवाज आला. "डब्यात काय आहे?"

"वांगं."

"कालचं?"

"काकूंना सांगू, असं विचारलंत म्हणून?"

पाचव्या दिवशी खंडेराव पंगतीत येऊन बसला. काकांकडे न बघता म्हणाला, "वाढा." काकांनी वाढलं. दोघांनीही तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून जेवणं झाल्यावर एका कोपऱ्यात खंडेराव आणि अश्लेषा समोरासमोर बसू लागले. मधे आर्थिक पाहणी, सोबत वाद. खंडेराव नव्या आकड्यांवर डाफरायचा. "हे दरवर्षी बदलतंय, मग पाठ कशाला करायचं?"

"पाठ नाही हो करायचं, समजून घ्यायचं!"

"समजून घेतलेलं परीक्षेत आठवत नसतंय. पाठ केलेलं आठवतंय."

मार्चमध्ये मुख्य परीक्षेचा निकाल लागला. अश्लेषाला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि खंडेरावलाही. तीन वेळा ज्या भिंतीवर डोकं आपटलं होतं ती ओलांडली गेली होती. अरुणाबाईंनी त्या दिवशी श्रीखंड केलं. खंडेरावने चार वाट्या खाल्ल्या आणि पहिल्यांदाच काकांच्या पाया पडला. काकांना वाटलं, मिळालं उत्तर. यश कशाने येतं? जुनं टाकून द्यायची हिंमत असली की येतं. त्यांनी वहीत तसं एक वाक्य लिहूनही ठेवलं.

ते वाक्य महिनाभर टिकलं.

एप्रिलमध्ये सूर्यकांत कदम दिल्लीला कामासाठी आला होता. कुणाकडून तरी त्याला खानावळीचं कळलं आणि मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना भेटावं म्हणून तो दुपारी थेट पंगतीत येऊन बसला. छत्तीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला, मोठ्याने बोलणारा माणूस. मुलं बावरून उभी राहिली. काकांनी पेटी उघडली आणि लाल फडकं त्याच्यासमोर ठेवलं.

"हे काय, कुणाच्या घरची पोथी?" त्याने गाठ सोडली, दोन पानं उलटली आणि त्याचा घास हातातच राहिला. "अरे देवा! हे अजून जिवंत आहे?"

"तुमच्याच नोट्स," काका म्हणाले. "सात पोरांनी उतरवून काढल्या. खंडेराव आठवा."

"माझ्या? काका, माझं अक्षर तुम्ही पाहिलंत तर तुम्हाला मला अंगठा लावायला सांगावंसं वाटेल. हे जयंतचं अक्षर आहे. जयंत वाळिंबे, माझा खोलीतला जोडीदार. दोघांनी मिळून वाचायचं आणि तो लिहायचा. लाल शाईची हौस त्याचीच."

"मग ते कुठल्या वर्षी झाले?" खंडेरावने विचारलं.

"जयंत?" सूर्यकांतने वही मिटली. "तो नाही झाला. चार वेळा बसला. शेवटच्या वेळी आम्ही दोघं बरोबरच बसलो होतो. एकच वही, एकच खोली, एकच स्टोव्ह. मी झालो, तो नाही. आता नोएडात एका मोटारीच्या कंपनीत आहे. मजेत आहे. माझ्याहून पगार जास्त."

काकांना राहवलं नाही. "पण का? तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय होता?"

सूर्यकांतने पुढचा भात कालवला. "लोकांपुढे भाषण करायचं असलं की मी काहीतरी सांगतो," तो म्हणाला. "जिद्द, नियोजन, वगैरे. तुम्ही जेवायला घातलंय म्हणून खरं सांगतो. मला माहीत नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त येत होतं. हे मी त्या वर्षीही म्हणालो होतो. तो म्हणाला, आता बोलून काय उपयोग, पेढे आण."

सूर्यकांत गेल्यावर काकांनी वही काढली आणि महिन्यापूर्वी लिहिलेल्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली. खाली काही लिहिलं नाही.

जूनमध्ये शेवटचा निकाल लागला. आयोगाच्या कचेरीबाहेर यादी लावली होती. काका स्वतः गेले होते. अश्लेषा गवळी हे नाव त्यांना पहिल्याच कागदावर सापडलं. खंडेराव ढगे हे नाव शोधताना त्यांनी सगळी यादी तीनदा ताडून पाहिली, वरून खाली आणि मग खालून वर. नाव नव्हतं.

ते खानावळीत परतले तेव्हा खंडेराव दारातच बसला होता. त्याने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अश्लेषाचं झालं?"

"झालं."

"बरं झालं," तो म्हणाला आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं झालं."

अश्लेषा पेढे घेऊन आली तेव्हा हसत नव्हती. खंडेरावने तिच्या हातातून पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "रब्बीत काय काय येतं, सांग बघू आता?" मग ती हसली, आणि हसता हसता रडली.

पाच-सहा दिवसांत खंडेरावने सगळं आवरलं. ओळखीतून त्याला पानिपतला काम मिळालं होतं. परदेशात पायपुसणी, सतरंज्या पाठवणारा एक कारखाना होता. माल मोजून घेणं, बिलं बघणं, असं काम. मुलांनी ही संधी सोडली नाही.

"पानिपतला? मराठी माणूस? दादा, इतिहास वाचलाय ना?"

"या वेळेला जेवणाची सोय करून जातोय," खंडेराव म्हणाला. "मागच्या वेळी तिथंच घोटाळा झाला होता."

१७ जूनला तो निरोप घ्यायला आला. दुपारची वेळ होती, खानावळीत कुणी नव्हतं. घरी काय सांगितलं, असं काकूंनी विचारलं. वडिलांनी पाटी लावली, म्हणाला. स्वतःच्याच नावाची. सुताराने नावात चूक केली, तरी तशीच लावली.

काकांना एक गोष्ट विचारायची होती. "खंडेराव, मी ते सप्टेंबरात सांगितलं नसतं तर?"

खंडेरावने विचार केला. नेहमीसारखाच, जमीन मोजत चालल्यासारखा. "तर मुलाखतीपर्यंत पोचलो नसतो," तो म्हणाला. "नाहीतर पास झालो असतो. मुलाखतीला त्यांनी मला विचारलं, परवाने गेले ते चांगलं झालं का वाईट. मी तुमचा विचार करत बसलो. तुमची नोकरी गेली म्हणून वाईट, अन् खानावळ निघाली म्हणून चांगलं. उत्तर द्यायला उशीर झाला. त्यानं गेलं का कशानं गेलं, कुणाला ठाऊक?"

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"म्हणालो, माणूस बघून सांगावं लागेल. साहेब हसले. ते चांगलं हसले का वाईट, तेही कळलं नाही."

काकूंनी दशम्या आणि ठेच्याची पुडी त्याच्या पिशवीत घातली. तो जिन्याजवळच्या नळावर पाणी प्यायला, मल्होत्राजींना नमस्कार केला आणि बॅग उचलली.

जुलैमध्ये नवी मुलं आली. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी काकांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काका, तुमच्याकडे सूर्यकांत नोट्स आहेत म्हणे? चारदा बसलेला एक जण त्या उतरवून मुलाखतीपर्यंत गेला होता म्हणतात."

काकांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. जुनी पानं, सहा प्रती, जयंतचं अक्षर, सगळं. मुलाने नीट ऐकून घेतलं.

"बिल्कुल बरोबर आहे, काका," तो म्हणाला. "मग अश्लेषा मॅडमच्या नोट्स कुठे मिळतील?"

काकांनी नवी वही घातली नाही. जुन्या वहीत त्या मुलाचं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली. त्यानंतर आलेल्या सगळ्यांच्याच नावापुढची जागा कोरी राहिली. पण प्रत्येक मुलाला महिनाभर निरखून पाहण्याची सवय मात्र गेली नाही. सावकाश जेवणाऱ्याकडे त्यांची नजर अजूनही जाते.

खंडेरावचा जेवणाचा हिशेब जाताना झाला तो असा: महिन्याचे सहाशे, म्हणजे दिवसाचे वीस, सतरा दिवसांचे तीनशे चाळीस. त्याने पाचशेची नोट दिली. काकांकडे सुटे शंभरच निघाले. पुढे काकांनी पानिपतच्या कारखान्याच्या पत्त्यावर मनीऑर्डर पाठवली, ती 'येथे राहत नाहीत' अशा शेऱ्यासह परत आली. खंडेराव ढगे यांचे साठ रुपये देणे आहेत.